बूस्टभाऊ

वडशाला रेल्वे आहे, वैनगंगा आहे, राईस मिली आहेत आणि झाडीपट्टीच्या नाटक मंडळांची कार्यालयं तर पावलोपावली आहेत. गावाचं एवढ्यावर छान भागलं असतं. पण गेल्या काही वर्षांत बूस्टभाऊ निपजला. हा कुणी एक माणूस नव्हे. टर्बोची डिझेल गाडी, एक पाना आणि मोबाइलवर पाहिलेले चार व्हिडिओ एका ठिकाणी आले की तो आपोआप तयार होतो. हंगामात नाटकवाल्यांना गावोगाव पोचवायचं, एरवी लग्नाची आणि दवाखान्याची भाडी मारायची, हा त्याचा धंदा. गाडी अजून बँकेची असते, मतं मात्र पूर्ण स्वतःची.

त्यातलं मुख्य मत असं, की कंपनी घाबरट आहे. "इंजिनात दम आहे जी, कंपनीनं बांधून ठेवला." हे तो पानठेल्यावर, कात-चुना हातावर घेऊन, बोटानं हवेत चक्री काढून समजावतो. "सायलेन्सरकडं जानाऱ्या धुरावर एक चक्री फिरते. तिच्याच दांडीवर पल्याड दुसरी चक्री, ते इंजिनात हवा कोंबते. जास्त हवा, जास्त पॉवर. काहून नाई?"

इथवर त्याचं बिनचूक असतं. 1905 मध्ये आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं पेटंट घेतलं, तेव्हा कल्पना हीच होती. धोका व्याख्यानाच्या उत्तरार्धात आहे. दाब ठरल्यापेक्षा वर गेला की धुरानं चक्रीला वळसा घालून निघून जावं म्हणून साध्या टर्बोत एक चिमुकलं दार असतं. ते उघडायला एक डबा, डब्याला दांडी, दांडीवर नट. हा नट बूस्टभाऊच्या नजरेला पडला आणि तिथून पुढं जे काही झालं ते झालं. नट फिरवून दांडी आखूड केली की दार उशिरा उघडतं आणि दाब चढतो. एक बार बूस्ट म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेइतका आणखी एक दाब. भाऊला दीड-पावणेदोन हवा असतो. त्यासाठी डॅशबोर्डवर एक गोल काटा बसवलेला असतो. गाडीचा स्पीड किती हे त्याला विचारू नका, काटा कुठं गेला होता ते विचारा.

बाजारपेठेत एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी एकदाच सांगून पाहिलं, "बावा, कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवला तं डाळ लवकर शिजते. मंग ते छतावरून काढा लागते." भाऊ म्हणाला, मिस्त्री जुन्या जमान्याचे आहेत.

कॉम्प्युटर मात्र नव्या जमान्याचा निघाला. दाब हद्दीबाहेर गेल्याचं सेन्सरनं सांगितलं आणि त्यानं डिझेल तोडलं. ही घटना आरमोरीच्या रस्त्यावर, जंगलाच्या पट्ट्यात, ऐन दिवेलागणीला घडली. वाघाच्या वावरामुळं त्या वेळी तिथं कुणी लघवीलाही उतरत नाही. गाडी रांगत होती. आत नायिका, ऑर्गनवाला, तबलजी, आणि रंगमंचावर रोज चार खून पाडणारा खलनायक. तो काच वर करून रामरक्षा म्हणत होता.

यातून भाऊनं घेतलेला धडा असा, की कॉम्प्युटरला खरं सांगू नये. त्यानं एक डबी मागवली. ती सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये बसून खोटं बोलते: आतमध्ये सगळं आलबेल आहे, डिझेल सोडा. मग डिझेल भरपूर येतं, तेवढं सगळं नीट जळत नाही आणि मागं काळा पडदा पडतो. भाऊ त्या धुराला ताकद समजतो. मागचा मोटारसायकलवाला त्याला दुसरं काही म्हणतो.

खरं तर भौगोलिक परिस्थितीही भाऊच्या विरुद्ध आहे. नदीपलीकडच्या ब्रह्मपुरीचं नाव उन्हाळ्यात रोज तापमानाच्या बातमीत असतं. तापलेली हवा पातळ असते, आणि टर्बोला कुवतीबाहेर फिरवलं की तो तीच हवा आणखी तापवतो. म्हणजे काटा चढतो, पण हाती फारसं काही येत नाही. उष्णता मात्र पिस्टनला पोचते, हेड पॅकिंगला पोचते, क्लचप्लेट घसरायला लागते. आणि एवढी ताकद वापरायची कुठं? रस्त्यावर अर्ध्या भागात धान वाळत घातलेलं, उरलेल्या अर्ध्यात म्हशी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढलं, की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, तर भाऊ उलट विचारतो, "आरसी बुकावर बूस्ट लिवला आहे का?" विमा कंपनी इतकी हजरजबाबी नसते, ती नुसती क्लेम फेटाळते.

असा माणूस फक्त आपल्याकडंच असतो असं नाही. 1962 मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबाइलनं जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली. पेट्रोलचं इंजिन ठोकू नये म्हणून तिच्यात पाणी आणि अल्कोहोल यांचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. टाकी रिकामी झाली की बूस्ट कमी करायची सोयही होती. मालक लोक टाकी भरायचेच विसरत. पुढच्याच वर्षानंतर गाडी बंद पडली आणि पुष्कळ गाड्यांचे टर्बो कंपनीनंच काढून दिले. घाबरट कंपनी शेवटी हेच करते.

बूस्टभाऊचा खरा छंद आणखी वेगळाच आहे. तो जोरात येतो, पानठेल्यासमोर थांबतो आणि लगेच चावी काढतो. मग बोट ओठांवर. इंजिन बंद झालेलं असतं, तरी बॉनेटखालून बारीक शिट्टी येत राहते. "ऐका," तो म्हणतो. लोक ऐकतात. ती चक्री मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकते, तेलाच्या पातळ थरावर तरंगत. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद. जे तेल तापलेल्या टर्बोत राहिलं त्याचा कोळसा होतो. रोज संध्याकाळी चौघांना जमवून भाऊ आपलाच टर्बो जाळण्याचा कार्यक्रम करत असतो, तोही फुकट.

शेवटी सील गेलं. मंडईच्या जत्रेनिमित्त नाटक होतं, गाडी मंडपाजवळ उभी राहिली आणि भाऊनं चावी काढली. इंजिन थांबलंच नाही, उलट ओरडायला लागलं. फुटल्या सीलमधून टर्बोतलं तेल हवेच्या पाइपात शिरलं होतं, आणि डिझेल इंजिनाला जाळायला ते पुरतं. चावीशी त्याचा काही संबंध उरत नाही. निळा-पांढरा धूर मंडपात शिरला. पुढच्या रांगेतल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, एक आजोबा म्हणाले, यंदा कंपनीनं खर्च केला आहे. भाऊ हातात चावी धरून गाडीभोवती फिरत होता. मिस्त्रींना फोन लागला. "वरच्या गियरात टाक, ब्रेकवर उभा राह्य, क्लच सोड!" भाऊचे पाय थरथरत होते, म्हणून हे काम खलनायकानं केलं. गाडीनं एक हिसका दिला आणि ती मेली. नाटक वेळेवर सुरू झालं.

टर्बो गेलाच, त्याच्या पात्याचा तुकडा इंजिनातही गेला. मिस्त्रींनी सांगितलेला आकडा ऐकून भाऊ बराच वेळ गप्प होता. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर मात्र त्याचं निदान तयार होतं: "इंजिनच कच्चं निघालं जी." डबी त्यानं अर्ध्या किमतीत विकायला काढली आहे. कुरखेड्याचा एक पोरगा बघून गेला. डबी चालू आहे का, असं त्यानं विचारलं, तर भाऊनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "डबीले काही झालं नाई. एक दिवस बंद नाई पडली."