चार एकरांतला वसंत : अल्पभूधारकांसाठी मार्गदर्शिका

फाल्गुन ते वैशाख या काळात स्वतःच्याच मळ्यात सुखरूप राहू इच्छिणाऱ्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. निफाड, येवला, चांदवड या पट्ट्यातला उन्हाळ कांदेवाला डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. इतरांनी कांद्याच्या जागी आपापले पीक घालून वाचावे, मनस्ताप तेवढाच राहील. पात्रता एकच, सातबाऱ्यावर नाव असावे. एक हेक्टरच्या वर आणि दोन हेक्टरच्या आत जमीन असेल तर सरकारदरबारी तुम्ही अल्पभूधारक. एकाच्या आत असेल तर सीमांत. भावकीत वाटणी व्हायची बाकी असेल तर दिवसा अल्पभूधारक आणि रात्री, झोप लागत नाही तेव्हा, सीमांत.

वसंत ऋतूची सुरुवात मोटारीपासून होते. थ्री फेज वीज कधी दिवसपाळीला असते, कधी रात्रपाळीला, आणि कांद्याला शेवटचे पाणी द्यायचे असते तेव्हा ती हमखास रात्रपाळीला असते. रात्री वावरात जाताना बॅटरी, काठी आणि गाणी भरलेला मोबाइल सोबत ठेवावा. गोदाकाठच्या उसात बिबट्या आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आपण येतोय हे त्यालाही ठाऊक व्हावे म्हणून गाणी मोठ्याने लावावीत. भजन लावावे की लावणी, यावर गावात दोन तट आहेत. बिबट्याचे मत अजून समजलेले नाही. काढणीच्या पंधरा-वीस दिवस आधी पाणी तोडावे. पाणी तोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून वीज दिवसा येऊ लागते. याबद्दल तक्रार घेऊन जाऊ नये. साहेब म्हणतील, “आता आहे ना दिवसा? मग?”

अर्ध्याअधिक पातीने माना टाकल्या की कांदा काढणीला आला, असे शास्त्र आहे. पण ते तुम्हाला समजून उपयोग नाही. बांधावर उभे राहून दुसऱ्या कोणीतरी ते सांगावे लागते, आणि या दिवसांत बांध कधी रिकामा नसतो. औषधाचा दुकानदार म्हणतो, अजून एक फवारा बसू द्या. चुलते म्हणतात, आठ दिवस थांब, कांदा फुगतो. शेजारी म्हणतो, आजच उपट, आभाळ येतंय. हे तो ज्या जागेवर उभा राहून सांगतो ती जागा गेल्या नांगरटीपर्यंत तुमची होती. तिघांनाही मान डोलवावी. वाद घालू नये, कारण उद्या सल्ला देणारे हेच असणार आहेत, आणि परवा “मी तेव्हाच म्हणालो होतो” म्हणणारेही हेच. सल्लागाराला चहा विचारावा. उन्हाळ्यात म्हैस आटलेली असते, त्यामुळे चहा आपसूक कोरा होतो आणि सल्ला आखूड.

मजुरांचे नियोजन सर्वांत आधी करावे व सर्वांत आधी विसरावे. सुरगाणा-पेठकडून येणाऱ्या टोळ्या होळीला आपापल्या पाड्यावर जातात. होळी त्यांचा मोठा सण आहे. त्या काळात त्यांची वाट पाहू नये, पाहिलीच तर बसून पाहावी. परत येतात तेव्हा द्राक्षबागांची काढणी जोरात असते आणि बागायतदार त्यांना न्यायला पिकअप पाठवतो. तुम्ही मोटारसायकल पाठवता. तेवढ्यात रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत वणीच्या गडावर चैत्रोत्सव लागतो आणि खानदेशातून पायी निघालेल्या दिंड्यांबरोबर अर्धा गाव चालू लागतो. होळी, द्राक्षे आणि गड यांतून उरलेल्या दिवसांत कांदा काढावा. हे दिवस पंचांगात सापडत नाहीत. ते मुकादमाला माहीत असतात आणि मुकादमाचा फोन बंद असतो.

शेवटी घरचेच लोक वावरात उतरतात. उपटलेला कांदा ओळीने मांडावा. पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल असा, म्हणजे ऊन थेट लागत नाही. तीन-चार दिवस असाच सुकू द्यावा. मग बोटभर मान ठेवून पात कापावी. मान अगदी बुडातून छाटली तर चाळीत तिथूनच सड शिरते. हे वाक्य शाळकरी पोरांसमोर मोठ्याने म्हणावे, कारण सुट्टी लागल्याच्या रागात ती बुडातूनच छाटतात. कापता कापता निवड करावी. जोड, डेंगळा, फुटका, चिंगळी वेगळी टाकावी. यांतला जोड आणि फुटका वर्षभर घरी खायचा. कांदा पिकवणाऱ्याच्या स्वयंपाकघरात चांगला, गोल, लालसर कांदा दिसला तर समजावे, जावई येणार आहेत.

इथपर्यंत सोपे आहे. खरी कसोटी कुरडयांची.

तुमचा कांदा ज्या दिवशी कापायला येतो त्याच दिवशी आजीने भिजत घातलेला गहू तयार होतो. गहू तीन दिवस पाण्यात असतो, रोज पाणी बदलायचे, मग वाटायचा, पिळून गाळायचा, रात्रभर चीक खाली बसू द्यायचा आणि पहाटे वरची निवळी ओतून शिजवायला घ्यायचा. या गणितात एक दिवस इकडे-तिकडे चालत नाही. तुम्ही भीतभीत म्हणता, “आजी, आज कांदा कापायला बाया लागतील.” आजी म्हणते, “कांद्याला काय झालंय? पातीखाली निजलाय. गहू जास्त आंबला तर कुरडई लाल पडंल.” यावर उत्तर नाही, शोधूही नये. पहाटे अंगणात चूल पेटते. मोठ्या पातेल्यात मीठ-हिंगाच्या पाण्याला उकळी येते, चीक धारेने पडतो आणि दोन बायका लाकडी हाट्याने तो घोटू लागतात, कारण एक गुठळी राहिली तरी सोऱ्याचे तोंड बंद होते. चीक आधी पांढरा असतो, मग काचेसारखा होतो, चमकतो, हाटा जड होतो. पोरे वाट्या घेऊन रांगेत उभी असतात; दूध-साखर घालून गरम चीक खायचा हा वर्षातला एकच दिवस. मग आजी सभोवार पाहते आणि म्हणते की सोऱ्या दाबायला पुरुषाच्या हातात जोर असतो. तो पुरुष तुम्ही. कांद्याच्या ऐन हंगामात, दोन लाखांचा माल वावरात उघडा असताना, तुम्ही धाब्यावर उकिडवे बसून जुन्या साडीवर फुले पाडत असता. एक फूल वाकडे पडले की खालून आवाज येतो, “लक्ष कुठंय?”

दुपारी आभाळ भरून येते.

अशा वेळी घरात ताडपत्री एकच असते, हे ध्यानात ठेवावे. दुसरी होती, ती मेहुण्यांनी लग्नाच्या मांडवाला नेली. ताडपत्री कांद्यावर घालावी की कुरडयांवर, हा प्रश्न कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांमध्ये सुटलेला नाही. घरात मात्र तो सुटलेला आहे. कांद्याला काय भाव मिळेल हे कोणालाच माहीत नाही. कुरडया तीन लेकींना आधीच कबूल झालेल्या आहेत. ताडपत्री धाब्यावर जाते.

गारा पडल्याच, तर नुकसान ताबडतोब कळवावे. गारपिटीत मोबाइलचा टॉवर आधी जातो, तेव्हा रेंजसाठी टेकाड आजच हेरून ठेवावे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रावर जी गारपीट झाली तिच्यानंतर या भागातला माणूस फाल्गुनात आकाशाकडे पाहतो ते चंद्र बघायला नव्हे. सरकारी मदतीसाठी नुकसान किमान 33 टक्के असावे लागते. तीस टक्के नुकसान झालेल्याचे, कागदावर, काहीच झालेले नसते. त्याने उगाच चेहरा पाडून फिरू नये. पंचनामा होईपर्यंत वावर आवरू नये, हेही घरच्या बायकांना निक्षून सांगावे. पाहुणे येणार म्हटले की त्या झाडून घेतात.

आता पैसा. सोसायटीचे पीककर्ज 31 मार्चच्या आत भरले तर तीन लाखांपर्यंत बिनव्याजी पडते, ही योजना उत्तम आहे. मार्चअखेर हिशेब मिटवायचे म्हणून बाजार समित्यांतले लिलाव त्याच सुमारास काही दिवस बंद असतात, हेही व्यापाऱ्यांच्या दृष्टीने उत्तम आहे. मधे तुम्ही. अशा वेळी नवं-जुनं करावे. म्हणजे गावातल्या कोणाकडून तरी चार-आठ दिवसांपुरती रक्कम उचलावी, सोसायटीत भरावी, नवे कर्ज काढावे आणि त्यातून उचललेली रक्कम परत करावी. बिनव्याजी कर्जासाठी दिलेले हे व्याज कोणत्याही रकान्यात येत नाही. गावातला तो कोणीतरी मात्र दरवर्षी पाडव्याला नवी मोटारसायकल घेतो. त्याचे अभिनंदन करावे. पुढच्या मार्चला लागतोच.

एवढे झाल्यावर, रात्री जेवणे आटोपून, घरात परिषद भरते. विषय: विकायचा की चाळीत भरायचा. धाकटा भाऊ म्हणतो, आत्ताच विकू, चाळीत वजन घटतं, सड लागते, पाऊस लागला की कोंब फुटतात. तुम्ही म्हणता, आत्ता सगळ्यांचाच येतोय, भाव पडणार. पुण्याचा भाचा व्हिडिओ कॉलवर आलेख दाखवतो. आलेख वर चाललेला असतो; तो कशाचा आहे हे विचारेपर्यंत रेंज जाते. मग सरकारचा विषय निघतो, आणि इथे प्रत्येकाची स्मरणशक्ती तल्लख असते. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातच बंद. मे 2024 मध्ये, लोकसभेचे मतदान चालू असताना, बंदी उठली, शुल्क राहिले. त्या सप्टेंबरात ते 20 टक्के झाले. 1 एप्रिल 2025 पासून शून्य. तारखेवरून कोणी गैरसमज करून घेऊ नये. ज्या घरात वाढदिवसाच्या तारखा पाठ नाहीत तिथे या तारखा पाठ असतात. अशा चर्चेचा निर्णय आपण लावायला जाऊ नये. अकरा वाजता आजी कूस बदलून म्हणते, “अर्धा विका, अर्धा भरा, आन् दिवा मालवा.” हा निर्णय शास्त्रशुद्ध आहे. भाव चढला तर विकलेल्या अर्ध्याबद्दल हळहळता येते आणि उतरला तर भरलेल्या अर्ध्याबद्दल. कोणत्याही परिस्थितीत घरात बोलायला विषय उरतो.

बाजार समितीत पहाटे निघावे. ट्रॉलीच्या वरच्या थराला देखणा कांदा लावावा. सगळेच लावतात, व्यापाऱ्याला ते माहीत असते, म्हणून तो कोपरापर्यंत हात घालून खालचा काढतो. हे तुम्हाला माहीत असते, म्हणून कोपराच्या खोलीपर्यंत देखणाच लावावा. चार महिने वाढवलेल्या मालासमोर व्यापाऱ्यांचा घोळका जेमतेम मिनिटभर थांबतो. कोणी एक कांदा चिरडून वास घेतो, कोणी नुसताच पुढे बघतो. पुकारा होतो, चिठ्ठी हातात पडते. त्या मिनिटात चेहरा कसा ठेवावा याचा सराव घरी आरशासमोर करता येईल, पण उपयोग होत नाही. नंतर खळ्यावर ट्रॉली खाली करताना वांधा निघू शकतो: खालचा माल वेगळा आहे, भाव कमी करा. इथे आवाज चढवावा. थोडा वेळ चढवावा. मागे चाळीस ट्रॅक्टर हॉर्न वाजवत असतात, आणि त्यांतल्या पहिल्यावर तुमचा चुलतभाऊ असतो.

घरी परतताना रस्त्यात पाच-सहा जण विचारणारच, “काय गेला?” यासाठी तयारी हवी. वर्तमानपत्रात किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव छापून येतात ते याचसाठी. उसने मागायची शक्यता असलेल्यांना किमान सांगावा. ज्यांच्या मुलीसाठी धाकट्याचे चालले आहे त्यांना कमाल. सोसायटीच्या सचिवाला सरासरी, तेही मान खाली घालून. बांधावरच्या शेजाऱ्याला आधी त्याचा विचारावा आणि आपला त्याहून पन्नासने जास्त सांगावा. तोही तेच करत असतो, त्यामुळे दोघांचा कांदा संध्याकाळपर्यंत कमालच्या पुढे गेलेला असतो.

आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आमरस होतो, कुरडया तळल्या जातात, आणि चुलत्यांपासून भाच्यापर्यंत सगळे सल्लागार एका पंगतीला बसतात. तेव्हा भावाचा विषय पुन्हा निघेल. कोणाला कोणता आकडा सांगितला होता हे आठवत नसेल तर ताट घेऊन उठावे आणि वाढायला लागावे. बायकोकडे मदतीसाठी पाहू नये. तिला खरा भाव माहीत असतो. पट्टी तिने त्याच दिवशी तुमच्या सदऱ्याच्या खिशातून काढून, हमाली-तोलाई वजा करून, डब्यात ठेवलेली असते.