खाण, आगर, कोठार वगैरे

हुबळी-धारवाडकडच्या मराठी मंडळींचा कुठलाही समारंभ घ्या. पाहुण्यांच्या हातात नारळ पडण्याआधी सूत्रसंचालक माइकशी लगट करत म्हणतो, 'धारवाड म्हणजे गायकांची खाण!' पुढच्या वाक्यात साहित्यिक येतात. पुन्हा खाण बरी दिसत नाही, म्हणून साहित्याचं आगर. मग ज्ञानाचं भांडार, शिक्षणाचं माहेरघर, संस्कृतीचा खजिना. आभारप्रदर्शनापर्यंत बिचाऱ्याकडे फक्त कोठार उरतं, ते तो देणगीदारांच्या औदार्यावर खर्च करतो. अडचण एवढीच, की यातला प्रत्येक शब्द कधीकाळी कुणाच्या तरी पोटापाण्याचा होता आणि जुन्या सवयी त्यानं सोडलेल्या नाहीत.

खाणीचंच बघा. रॉबर्ट ब्रूस फूट या ब्रिटिश भूवैज्ञानिकानं 1880च्या दशकात इथल्या पुरातन खडकांना धारवाडचं नाव दिलं. ते नाव भूगोलाच्या पुस्तकात शिरलं आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरांना छळत राहिलं. त्या नावाच्या प्राचीन भूखंडात सोनं आहे, पण ते निघालं कोलारला आणि रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीला. धारवाडच्या वाट्याला नुसतं नाव! कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद पडली. उपसली की संपते, हा खाणीचा स्वभाव. तेव्हा गवयांच्या गावाला खाण म्हणणं हे कौतुक आहे की मृत्युलेख, ते एकदा ठरवायला हवं.

शिवाय गाणं इथल्या जमिनीतून निघालं नाही, ते बाहेरून आलं आणि मुरलं. म्हैसूर दरबारच्या वाटेवर उत्तरेचे उस्ताद या भागात थांबत. धारवाड जिल्हा 1956पर्यंत मुंबई राज्यात, त्यामुळे मराठी नाटक कंपन्यांचाही राबता. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँचे शिष्य झाले जवळच्या कुंदगोळचे रामभाऊ, आणि मराठी रंगभूमीनं त्यांना सवाई गंधर्व केलं. गंगूबाई हनगल त्यांच्याकडे शिकायला हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला जात. त्याच हुबळी स्थानकावर 2023पासून 1,507 मीटरचा, जगात सर्वांत लांब म्हणून मिरवणारा फलाट आहे. चुकीच्या टोकाला उभं राहिलं, तर आपला डबा गाठेपर्यंत विलंबित संपून द्रुत सुरू होते.

आगराला तर समुद्र लागतो. मीठ पिकवायचं किंवा नारळी-पोफळी लावायच्या, दोन्ही कामं कोकणातली. धारवाडच्या लाल-काळ्या मातीत साहित्याचं आगर लावलं, तरी त्यात बसायला कोण येणार? जी. ए. कुलकर्णी इथल्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत, मराठी कथा लिहीत आणि सभासमारंभांपासून चार हात लांब राहत. आगरात नेऊन बसवलं असतं, तर ते मागच्या दारानं निघून गेले असते. द. रा. बेंद्र्यांच्या घरात मराठी, कविता कन्नडमध्ये, आणि 1973चं ज्ञानपीठ 'नाकु तंती'ला. हे आगर कुणाच्या सातबाऱ्यावर लावायचं, याचा निकाल सीमावादावरच्या महाजन आयोगानंही दिलेला नाही.

कोठाराचा या मुलखातला अस्सल भाऊ म्हणजे पेव. जमिनीत विहिरीसारखा खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, कडेनं कडब्याचं अस्तर आणि आत ज्वारी. तोंड मातीनं लिंपून टाकलं की खाली काही आहे, याचा चोरालाही पत्ता लागू नये. उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचं नाही; कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरतो. आधी तोंड उघडं ठेवून हवा खेळू द्यायची. मराठीनं यातून फक्त 'पेव फुटणं' उचललं आणि धारवाडनं ते स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसना बहाल केलं. एकेका इमारतीवर फौजदार, तहसीलदार आणि आयएएस असे तिन्ही फलक लटकलेले असतात. आत हवा कितपत खेळते, ते विद्यार्थ्यांनाच ठाऊक.

उरलं माहेरघर. 'विद्येचं' हे विशेषण पुण्यानं केव्हाच अडवून ठेवलंय, पण गाण्याच्या बाबतीत हा शब्द धारवाडला चपखल बसतो. माहेर म्हणजे जिथून लेक निघून जाते आणि सासरी नाव काढते, ती जागा. तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या गदगचे भीमसेन जोशी पुण्याचे झाले. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व देवासचे झाले. सवाई गंधर्वांच्या नावाचा महोत्सवसुद्धा 1953पासून पुण्यातच भरतो, आणि पुणेकर तो इतक्या मायेनं मिरवतात की कुंदगोळकरांनी तिकीट काढून ऐकायला यावं. माहेरी राहून गेले ते मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू आणि हुबळीच्या गंगूबाई. माहेरीच राहून नाव काढणाऱ्या लेकींची इतकी परंपरा दुसऱ्या कुठल्या गावाला असेल, असं वाटत नाही.

भांडाराबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही, कारण 'मिठाई भांडार' हा दुकानाच्या पाटीवरचा खराखुरा शब्द आहे: त्याला शटर असतं, गल्ला असतो आणि संध्याकाळी हिशेब लागतो. धारवाडचा पेढाही मुळात बाहेरचाच. उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबानं तो इथे आणला. खवा परतून परतून तपकिरी करायचा, वळायचा आणि पिठीसाखरेत घोळवायचा. आता त्याला भौगोलिक मानांकनही आहे. तेव्हा धारवाडला गेलात, तर लाइन बाजारातल्या रांगेत उभे राहा आणि पेढे घेऊन या. सूत्रसंचालकासाठीही चार आणा. तोंडात पेढा असेतो त्याला पुढचा पर्यायी शब्द सुचणार नाही.