आधी कर्जत, मग मुंबई

मुंबईस जावयाचे असेल तर प्रथम मुंबईकडे पाठ करावी, हा शेलू मुक्कामी बिऱ्हाड केलेल्या चाकरमान्यांचा आद्य सिद्धान्त होय. सकाळची लोकल नेरळच्या वाटेने आमच्या फलाटास लागते, तोवर कर्जत, भिवपुरी आणि नेरळ येथील मंडळींनी खिडकीपासून चौथ्या सीटपर्यंतचा सारा मुलूख आपल्या नावे दाखल करून घेतलेला असतो. सबब सुज्ञ शेलूकर पहाटेच उठून उलट दिशेची गाडी पकडतो, कर्जतास न उतरता तिच्याच खिडकीशी ठाण मांडतो, आणि यथावकाश पुनश्च शेलूवरून, मात्र या खेपेस बैठ्या अवस्थेत, फलाटावर तिष्ठणाऱ्या ग्रामबंधूंकडे किंचित करुणेने पाहत मार्गस्थ होतो. या अनुष्ठानासाठी पास अर्थातच कर्जतपासूनचा काढावा लागतो. घर शेलूचे आणि पास कर्जतचा, हे येथील सधनतेचे लक्षण मानले जाते.

माझ्या शेजारी राहणारे एक सेवानिवृत्त अव्वल कारकून या शास्त्राचे अधिकारी पुरुष आहेत. त्यांच्या मते शेलूस ऋतू तीनच: धुक्याचा, घामाचा आणि पाण्याचा. डिसेंबर-जानेवारीत बदलापूर ते कर्जत या टापूत पहाटे असे धुके उतरते की गाड्या चाचपडत येतात, आणि मग उलट जाणारी गाडीच उशिरा आल्यामुळे सुलट येणारी चुकते. अशा दिवसांत, त्यांचे म्हणणे, मनुष्याने साहसास न पेटता सरळ उभे राहून जावे. उन्हाळ्यात खिडकी पूर्वेची की पश्चिमेची, हा विचार आसनापेक्षा महत्त्वाचा ठरतो. पावसाळ्याविषयी मात्र ते शास्त्रार्थ न करता उल्हास नदीकडे बोट दाखवितात. 27 जुलै 2019 रोजी याच नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडवून धरली होती आणि हजाराहून अधिक उतारूंना बाहेर काढण्यास होड्या आणाव्या लागल्या होत्या. तेव्हापासून आषाढात नदीचा रंग पाहिल्यावाचून ते डबा भरू देत नाहीत.

या बाबतीत शेलूकरास खरा हेवा वाटतो तो पुढच्याच स्थानकातल्या माथेरानच्या छोट्या गाडीचा. 1907 साली सुरू झालेली ही गाडी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज या घाटात चालतच नाही. चार महिने बाकायदा, सरकारी मंजुरीनिशी घरी बसते. आमच्या कचेऱ्यांत असा अर्ज कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

अलीकडे मात्र पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाच्या वार्तेने गावात नवी चळवळ उत्पन्न झाली आहे. सुमारे तीस किलोमीटरांचा हा रस्ता चौक, मोहोपे आणि चिखले येथून जातो, वावर्ल्याजवळ अडीच किलोमीटरांहून लांब बोगद्यात शिरतो, आणि शेलूस कोठेही स्पर्श करीत नाही. तथापि नव्या मुंबईत नोकरी असलेल्यांनी ठाण्याचा फेरा टाळून कर्जतमार्गे पनवेल गाठावयाचे बेत आखले आहेत. म्हणजे येथेही आधी उलट जाणे आलेच!

अव्वल कारकुनांना यात गंभीर धोका दिसतो. ते म्हणतात, “अहो, आजवर कर्जतास उलट जाणारी गाडी रिकामी असे म्हणून आपण तीत बसत होतो. उद्या पनवेलवाले पहाटे तीच गाडी भरून टाकतील. मग आपण कुठे बसावयाचे?” यावर त्यांनी तोडगाही काढून ठेवला आहे: शेलूहून आधी वांगणीस जावयाचे, तेथून कर्जतची गाडी पकडून वाटेत शेलू ओलांडावयाचे, आणि मग कर्जताहून तिसऱ्यांदा शेलूवरून मुंबईस निघावयाचे. पासाचा हिशेब त्यांनी मला मांडून दाखविला. कर्जतच्या पासात वांगणी आलीच, सबब वेगळा खर्च नाही, असे त्यांचे मत पडले. फक्त निघावयाची वेळ आदल्या रात्रीत जाते.