४०० वॉट आणि सलालाचा पाऊस

अझैबा, मस्कत
१६ मे

ती. बाबा आणि आई यांस,


फोनवर बाबा म्हणाले, "गप्पा नकोत, लोड लिहून पाठव." म्हणून हे पत्र. आई, तू मधलं सगळं सोडून शेवट वाच, तुझं काम तिथे आहे.

तुमच्या जावयांनी जुनी कॅरॅव्हॅन घेतली हे कळलंच असेल. आत दोन बाकं, एक ओटा आणि एक कपाट. दार उघडं असलं की कपाट उघडत नाही. शेजारचे ओमानी आजोबा रोज संध्याकाळी तिच्याभोवती एक चक्कर मारतात आणि काही न बोलता घरी जातात. आता तिच्या छपरावर सोलर बसवायचं चाललंय. जावयांचं म्हणणं असं, की इब्रीच्या ५०० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचं उद्घाटन २०२२ मध्येच झालं. अमलच्या तेलक्षेत्रात तर उन्हावर पाण्याची वाफ करून जमिनीत सोडतात, म्हणजे घट्ट तेल पातळ होऊन वर येतं. ज्या देशात तेलसुद्धा उन्हावर निघतं, तिथे आपला फ्रिज चालणार नाही?

तर लोड. १२ व्होल्टचा फ्रिज, दिवसाला ५०० वॉट-तास. पंखे २००. दिवे, फोन, पाण्याचा पंप मिळून १५०. इथवर घरात एकमत होतं. मग तुमच्या विहीणबाईंनी विचारलं, "आणि मिक्सर?"

मिक्सर ७५० वॉटचा. पाच मिनिटं फिरवला तर जेमतेम ६० वॉट-तास, म्हणून जावयांनी उदार मनाने मंजूर केला. पण बाबा, १२ व्होल्टवर त्याला ७० अँपिअर लागतात, आणि सुरू होताना तो त्याहून जास्त ओढतो. घाला भागातल्या गॅरेजमधल्या मल्याळी इलेक्ट्रिशियनने त्यासाठी लागणारी केबल काढून दाखवली, करंगळीएवढी जाड. तिचा आणि मोठ्या इन्व्हर्टरचा भाव सांगितला. त्यानंतर परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही. इंडक्शन मी स्वतःच यादीतून काढला. अर्ध्या तासात १००० वॉट-तास, म्हणजे बाकी सगळ्या घराचा दिवसभराचा खर्च एका कुकरच्या शिट्ट्यांत. गॅसची शेगडी नेऊ. धाकटीने एसीचं नाव काढलं तेव्हा जावयांनी लॅपटॉप मिटला.

मिक्सरसकट बेरीज ९१०. त्यावर २०० वॉटची दोन पॅनल आणि २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, म्हणजे अडीच हजार वॉट-तास. कागदावर मामला चोख. अडचण आहे ती उन्हाची. हसू नका. इथे मे-जूनमध्ये पॅनल ७० अंशांपर्यंत तापतं आणि तापलं की उत्पन्न पंधरा टक्क्यांनी घसरतं. बंद कॅरॅव्हॅनमध्ये बॅटरी ४५ अंशांच्या वर गेली की तिला चार्जही करायचं नाही. शिवाय त्या उन्हात बाहेर राहायला जाणार कोण? सगळे ऑक्टोबर ते मार्च जातात. तेव्हा सूर्य खाली उतरलेला. डिसेंबरात मस्कतला भर दुपारी तो क्षितिजापासून ४३ अंशच वर असतो आणि आमचं पॅनल छपरावर आडवं झोपलेलं. जबल शम्सवर गेलो तर थंडीत पारा शून्याच्या आसपास. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती कायमची बिघडते. जावयाचेही एवढे नखरे आम्ही कधी पाहिले नाहीत (हे वाक्य मोठ्याने वाचू नका).

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर सलालाच्या पावसासाठी. २१ जून ते २१ सप्टेंबर तिथे खरीफ, म्हणजे तिथला पावसाळा. आपल्याकडे येतात त्याच नैऋत्य वाऱ्यांची एक कड तिथल्या डोंगरांना अडते, की महिनोन्महिने धुकं, भुरभुर आणि हिरवेगार डोंगर. रस्त्याकडेला शहाळी, केळी, पपया. सासूबाईंना आंबोली आठवते, म्हणून त्यांचा हट्ट. मस्कतहून हजार किलोमीटर. निझवा, हैमा, थुमरैत, सगळं रणरणतं वाळवंट. थुमरैतनंतर उतार लागतो आणि ढगात शिरतो आपण.

आमच्या थोरल्याने जेवताना सहज विचारलं, "बाबा, तिथे ऊनच नसतं ना?"

जावयांनी आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, "ढगातूनही थोडं मिळतं." लोडशेडिंगच्या दिवसांत लोक आपल्या दारात येऊन विचारायचे, "साहेब, लाइट कधी येणार?" तेव्हा तुम्ही याच आवाजात "येईल, येईल" म्हणायचात.

माझं गणित असं. गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून ३० अँपिअरचा चार्जर लावला, तर तासाला साडेतीनशेच्या वर वॉट-तास येतात. हजार किलोमीटरमध्ये बॅटरी भरून वाहील. सलालात पंखा लागणार नाही, फ्रिजही कमी चालेल. तीन-चार दिवस आरामात. मग छपरावर एकच पॅनल पुरे, तेही गल्लीत उभी असताना बॅटरी उतरू नये म्हणून. जावयांना दोन हवीत. तुम्ही वीज मंडळात आयुष्य घालवलंत, निकाल तुम्हीच द्या. फक्त तो माझ्या बाजूने द्या.

आई, आता तू. माळ्यावरची छोटी विळी, खवणीची, कागदात नीट गुंडाळून दे. पाटणकर वहिनी पुढच्या महिन्यात येताहेत, त्यांच्या चेक-इन बॅगेत जाईल. हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, विमानतळावर काढून घेतील. वाटण पाट्यावर वाटायचं तुझ्या विहीणबाईंनी कबूल केलंय. मिक्सर यादीतून गेला, ७० अँपिअर वाचले. सोबत मेतकूट आणि बाबांचा करंट मोजायचा टाँग टेस्टर.

मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना गोड पापा.

तुमची
पिंकी

ता. क. धाकटी आत्ता विचारून गेली, कॅरॅव्हॅनमध्ये वाय-फाय असणार ना? राउटरचे १० वॉट अजून कुणीच धरलेले नाहीत.