गळतीचा वारसा

गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या संडासात ब्रिटिश अमदानीतली, साखळी ओढायची बिडाची टाकी अजून डोक्यावर आहे आणि अखंड गळते आहे. प्लंबर म्हणाला, बॉलकॉकचा वायसर बदलू. वायसर! मुंबईला १९९५पासून वारसा-नियमावली आहे, आणि हा गृहस्थ अस्सल गळतीला रबर लावायला निघालेला. मालकांनी त्याला योग्य ती समज दिली. गळतीला श्रेणी एक मिळावी, थेंबांची मूळ लय बिघडू नये, खाली प्लास्टिकच्या बादलीऐवजी तांब्याचं घंगाळच असावं, असा अर्ज तयार आहे. अभ्यासकांना रविवारी साखळी पाहता येईल. ओढता येणार नाही. घरची मंडळी कोपऱ्यावरच्या सार्वजनिक शौचालयात जातात. तिथला नळ ठिबकतो, अशी त्यांची लेखी तक्रार आहे.