गाणं बातमीत बसत नाही

स्वतंत्र संगीतकार म्हणजे असा माणूस, ज्याला गाणं स्वतःच लिहावं लागतं, चाल स्वतःच लावावी लागते, माइक हप्त्यावर घ्यावा लागतो, मिक्सिंग करून देणाऱ्या मित्राला मिसळ खाऊ घालावी लागते, आणि एवढं सगळं आटोपल्यावर जगात कुणाला काही कळलेलंच नाही हेही स्वतःच शोधून काढावं लागतं. पाठीशी कंपनी नाही, सिनेमा नाही, काका आमदार नाहीत. त्याची तक्रार एकच असते : इतकं चांगलं गाणं केलं, पण माध्यमांनी दखल घेतली नाही. या तक्रारीबद्दल पूर्ण सहानुभूती बाळगूनही मला म्हणायचं आहे की तिच्या मुळाशीच गफलत आहे. गाण्याची बातमी होत नसते. पूर्वीही होत नव्हती. बातमी होते ती गाण्याच्या आसपास जे घडतं त्याची. वर्तमानपत्राला डोळे असतात, तोंड तर असतंच असतं, कान मात्र नसतात. कोणत्याही उपसंपादकाला विचारा. 'कोमल निषाद काळजाला भिडला' याचा मथळा होत नाही. 'कोमल निषादावरून हाणामारी, दोघे जखमी' याचा होतो, आणि तोही पान एकवर.

पटत नसेल तर जिल्हा पुरवणीतली नव्या गाण्याची बातमी जरा जवळून वाचून पाहावी. तिची सुरुवात 'अल्पावधीतच रसिकांच्या पसंतीस उतरलेल्या' अशी होते आणि पुढच्याच ओळीत कळतं की गाणं येत्या शुक्रवारी प्रदर्शित होणार आहे. मग पोस्टरचं अनावरण माजी नगरसेवकांच्या हस्ते होतं. त्यांनी मनोगतात तरुणाईला शुभेच्छा दिलेल्या असतात आणि प्रभागातल्या ड्रेनेजच्या कामाचाही ओझरता उल्लेख केलेला असतो. मग उपस्थितांची नावं येतात, बारा-तेरा, पदांसकट. त्या यादीच्या शेपटाला 'आदी मान्यवर' असतात, आणि गायिका बहुधा त्या 'आदी'त असते. फोटोत पोस्टर उलगडून धरणाऱ्यांचे चेहरे स्पष्ट दिसतात, पोस्टरवरचा तिचा चेहरा मात्र कुणाच्या तरी अंगठ्याखाली असतो. या बातमीत वार्ताहराची काही चूक नाही. त्याने जे घडलं तेच लिहिलं, आणि घडलं ते अनावरण. गाणं अजून कुणी ऐकलेलंच नव्हतं, खुद्द अनावरणकर्त्यांनीसुद्धा नाही.

हे सगळं सोशल मीडियाच्या काळातलं अधःपतन आहे, असं समजण्याचं कारण नाही. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांइतका नितळ सूर विसाव्या शतकाने फार थोड्यांच्या गळ्यात ऐकला. त्या खाँसाहेबांनी टिपू नावाच्या आपल्या कुत्र्याला सूर लावायला शिकवलं होतं आणि मुंबईत त्याचा जाहीर कार्यक्रमही केला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मुंबईत खाँसाहेबांच्या मींडेवर चर्चा करणारे थोडे आणि कुत्रा खरंच गातो का हे पाहायला येणारे जास्त असतील, असं मानायला हरकत नाही. कुत्र्याचं रील टाकणाऱ्या पोरांना नावं ठेवताना आपण घराण्याच्या परंपरेलाच नावं ठेवतो, हे ध्यानात असलेलं बरं. तीच गोष्ट 'संयुक्त मानापमान'ची. 'मानापमान' रंगभूमीवर आलं १९११ साली. पदं तोंडपाठ झालेली, प्रेक्षक प्रयोगात नटाच्या आधी सम गाठणारा. त्याच नाटकाला १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी जी झुंबड उडाली, ती पदांसाठी असती तर दहा वर्षं कशाला थांबली असती? बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, एकाच रंगमंचावर उभे राहणार, ही त्यातली बातमी होती. आजची मुलं याला 'कोलॅब' म्हणतात आणि आपण शोधून काढलं असं समजतात.

परदेशातही उपसंपादकाला कान फुटलेले नाहीत. कॅनडाच्या डेव्ह कॅरोल या गायकाची गिटार २००८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात मोडली. भरपाईसाठी तो महिनोन्महिने भांडला आणि शेवटी २००९च्या जुलैत त्यावर गाणंच करून यूट्यूबवर टाकलं. कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं, जगभरच्या वाहिन्यांनी त्याला बोलावलं. त्याआधी कित्येक वर्षं तो गिटार न मोडता गात होता, तेव्हा यातलं कुणी फिरकलं नव्हतं. पुढे त्याला व्याख्यानांची आमंत्रणंही आली; विषय : ग्राहकसेवा. व्हल्फपेक या अमेरिकन बँडने तर कमालच केली. २०१४ साली त्यांनी स्पॉटिफायवर दहा ट्रॅकचा अल्बम काढला, प्रत्येक ट्रॅक तीस सेकंदांहून थोडा मोठा आणि प्रत्येकात निव्वळ शांतता. रात्री झोपताना हा लावून ठेवा, म्हणजे जमणाऱ्या रॉयल्टीतून आम्ही मोफत कार्यक्रम करू, असं चाहत्यांना सांगितलं. सुमारे वीस हजार डॉलर जमले, स्पॉटिफायने अल्बम काढून टाकला, आणि एकही सूर नसलेल्या या अल्बमवर जेवढा मजकूर छापून आला तेवढा त्यांच्या सुरेल गाण्यांवर तोवर आला नव्हता. आपल्याकडे २०१७ साली आरजे मलिष्काने मुंबईच्या खड्ड्यांवर 'सोनू' या गाजलेल्या गाण्याच्या चालीत विडंबन केलं. महापालिकेने त्याचं रसग्रहण केलं नाही, तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस काढली. त्यानंतर ते विडंबन ज्यांच्या गावात रस्ताच नाही, त्यांनीही ऐकलं. २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' गाजलं तेव्हाही बातम्यांत ठेका कमी आणि नेदरलँड्स जास्त होतं; मराठी गाणं स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या परदेशी लेबलने काढलं, याचंच आपल्याला कोण अप्रूप.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. अस्सल कलेला प्रसिद्धी लागत नाही, कस्तुरीचा वास आपोआप दरवळतो. हा आक्षेप घेणारे बहुधा कस्तुरीच्या नव्हे, तर पेन्शनच्या जोरावर जगत असतात. ज्यांची नावं आपण कस्तुरीच्या उदाहरणासाठी वापरतो, त्यांनी स्वतः असला भरवसा कधी ठेवला नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेचा आश्रय सोडून बाहेर पडले, काठेवाडात तिकीट लावून जाहीर गायले, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे छापखाना घातला, 'संगीतामृत प्रवाह' नावाचं मासिक चालवलं. आपली दखल घेणारं माध्यम नसेल तर ते आपणच छापावं, इतका स्वच्छ विचार होता. कर्ज झालं आणि विद्यालयाची मुंबईतली इमारत हातची गेली, हाही स्वतंत्र संगीतकाराच्या परंपरेचाच भाग. गौहर जान १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रणासाठी गायल्या, तेव्हा गाणं संपताच त्यांनी आपलं नाव इंग्रजीत ठणकावून सांगितलं. तबकडी तयार व्हायची जर्मनीत, तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा हे कळावं म्हणून ती सोय होती. पण सोय कारागिरांची झाली आणि नाव घराघरांत पोचलं; पुढे त्यांची छबी काड्यापेट्यांवरही आली. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू खपत नाहीत, ही म्हण ज्यांनी केली त्यांना बाजार चांगला माहीत होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बातमी जर आजूबाजूच्या गोष्टींचीच होणार असेल, तर गाण्याची कटकट हवीच कशाला? गिटार मोडावी, नोटीस ओढवून घ्यावी, काम झालं. याचं उत्तर थ्रेटिन या अमेरिकन मेटल गायकाने २०१८ साली स्वखर्चाने देऊन ठेवलं आहे. त्याने खोटी रेकॉर्ड कंपनी उभी केली, खोटी बुकिंग एजन्सी उभी केली, फेसबुकवर लाइक विकत घेतले, दुसऱ्याच कुठल्या गर्दीची दृश्यं जोडून आपल्या कार्यक्रमाचे व्हिडिओ तयार केले आणि त्या जोरावर युरोपचा दौरा ठरवला. लंडनच्या 'अंडरवर्ल्ड' या सभागृहाला शेकडो तिकिटं खपल्याचं सांगितलं होतं. प्रत्यक्ष कार्यक्रमाला तीन माणसं आली. तिथून पुढे मात्र खरी प्रसिद्धी सुरू झाली. एकही चाहता नसलेला गायक म्हणून जगातल्या मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. म्हणजे माझा सिद्धान्त इथेही टिकलाच : बातमी गाण्याची नव्हे, रिकाम्या खुर्च्यांची झाली. पण त्या खुर्च्या भरायचं काम बातमीला जमलं नाही, हेही तितकंच खरं. प्रसिद्धीने माणूस सभागृहाच्या दारापर्यंत येतो. आत काही चाललेलं नसेल तर तो चप्पल न काढताच परत फिरतो.

तिसरा आक्षेप तरुणांचा : पेपर वाचतो कोण? आता थेट श्रोत्यापर्यंत जाता येतं, मध्ये संपादक नको. संपादक गेला हे खरं, पण त्याच्या खुर्चीत अल्गोरिदम येऊन बसला आणि कान त्यालाही नाहीत. त्याला इतकंच कळतं की माणूस थांबला की पुढे सरकला. जगभरात दररोज लाखाच्या घरात नवी गाणी चढवली जातात. त्या लोंढ्यात 'थेट श्रोत्यापर्यंत' म्हणजे दादर स्थानकात संध्याकाळी सहा वाजता कुजबुजणं. शिवाय जुन्या संपादकाच्या टेबलावर प्रेसनोट ठेवून चहा तरी मिळायचा. अल्गोरिदमला गाठायचं तर गायकानेच आठवड्यात चार रील करायची, त्यात एकदा तरी पुरणपोळी लाटायची, आणि पोळी फाटली तर आनंद मानायचा, कारण फाटलेल्या पोळीखाली प्रतिक्रिया जास्त येतात. पैसे देऊन बातमी किंवा श्रोते विकत घेण्याचा मार्गही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातून पुढे काय होतं ते लंडनच्या त्या तीन श्रोत्यांना विचारावं.

मग करायचं काय? माझ्या मते, वार्ताहराकडून समीक्षेची अपेक्षा सोडावी आणि त्याला त्याच्या कामाचं सामान द्यावं. गाणं किती सुमधुर आहे हे त्याला सांगू नये. ते कुठल्या गावचं आहे, कुठल्या बोलीत आहे, कशावरून सुचलं, कुणाला खटकलं, हे सांगावं. मुंबईच्या पुरवणीत चार ओळी मिळवण्यापेक्षा आपल्या तालुक्याच्या पानावर अर्धा रकाना मिळवणं सोपं असतं आणि तो अर्धा रकाना कात्रण काढून जपणारी माणसंही तिथेच असतात. आकड्यांचं भय तर अजिबात बाळगू नये. २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला आहे की बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टी नाही. हजार म्हणजे एका मध्यम मराठी लग्नाची पंगत. मुलाच्या लग्नाची पत्रिका आपण ज्याच्या-त्याच्या घरी जाऊन, अक्षता ठेवून, आग्रहाने देतो; त्यात स्वतःची जाहिरात केल्याचा संकोच कुणाला वाटत नाही. गाण्याचं आमंत्रणही तसंच द्यायला काय हरकत आहे? पाहुण्याकडून आहेर नको, फक्त तीस सेकंद हवेत, कारण तेवढं ऐकलं की स्पॉटिफाय एक वाजवणं मोजतं. तीस सेकंदांपर्यंत भिडेखातर कुणीही थांबेल. एकतिसाव्या सेकंदापासून मात्र भीड संपते, वार्ताहर घरी गेलेला असतो, माजी नगरसेवक पुढच्या अनावरणाला निघालेले असतात, आणि पाहुण्याला बसवून ठेवण्याची जबाबदारी एकट्या गाण्यावर येऊन पडते.