एक वायर राहिलीय

आमच्या काकांची शिडाची होडी आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी दचकतो आणि मग माझ्याकडेही जरा आदराने बघायला लागतो. २८ फुटी, सेकंड हँड. गेटवेसमोर इतर होड्यांच्या घोळक्यात ती नांगरलेली असते. वर्षभरात ती किती मैल गेली हे मात्र विचारू नये. भरतीला ती दक्षिणेकडे तोंड करते, ओहोटीला उत्तरेकडे. सध्या तेवढाच तिचा प्रवास.

कारण काका वायरिंग करताहेत.

काका म्हणजे व्यापारी जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनिअर. उभं आयुष्य ४४० व्होल्टचे जनरेटर दटावण्यात गेलं. निवृत्तीनंतर माणूस बागकाम करतो, गीतेच्या वर्गाला जातो. काकांनी १२ व्होल्टशी संसार मांडला. होडीला त्यांनी काकूंचं माहेरचं नाव दिलंय. भावना चांगली होती, पण त्यामुळे जेवताना एकदम 'तिचं निगेटिव्ह सैल झालंय', 'तिला आता चार्ज धरवत नाही' असली विधानं कानावर येतात आणि पाहुणे काकूंकडे बघतात. काकू शांतपणे आमटी वाढतात.

हे प्रकरण सुरू झालं ते काकांनी एका रविवारी 'हाऊस बँक बदलायची आहे' असं जाहीर केलं तेव्हा. शेजारच्यांनी लगेच घरकर्जाच्या व्याजदराची चौकशी केली. होडीवर बॅटऱ्यांचे दोन संसार असतात. एक इंजिन सुरू करण्यापुरती, क्षणभर जोर लावून बाजूला होणारी. दुसरी घरखर्चाची: दिवे, पंखा, फ्रिज, रेडिओ यांना रात्रभर थोडं थोडं पुरवणारी. ती ही हाऊस बँक. पहिलीला दुसरीचं काम दिलं की ती वर्षभरात मान टाकते. "धावपटूला हमाली सांगायची नाही," काका म्हणतात.

जुन्या चार बॅटऱ्या शिशाच्या, १०० अँपिअर-अवरच्या, एकेक ३० किलोच्या आसपास. त्या काढून आणायला मी गेलो होतो. ओहोटीची वेळ, धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या, खाली हलणारी डिंगी आणि वर उभे राहून 'पाठीतून नाही, गुडघ्यातून उचल' असं सांगणारे काका. शेजारच्या लाँचवरचा खलाशी बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "शेट, याच्यान काय सोना हाय काय?" मी म्हटलं, "शिसं आहे." त्याने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं तसं माझ्या आईनेही कधी पाहिलं नसेल.

चारांच्या जागी दोन लिथियमच्या आल्या. एकेक बारा किलोची. यावर काकांचं व्याख्यान तयार असतं आणि ते पंगतीच्या भाषेत असतं. शिशाची बॅटरी म्हणजे जुन्या वळणाची सून, भांड्यातलं निम्मं शिल्लक ठेवणारी. १०० मधले ५० वापरायचे. रोज त्याखाली गेलात तर तिचं आयुष्य घटतं. लिथियमला तो संकोच नाही, ती ऐंशी-नव्वदपर्यंत बिनधास्त देते. पण जेवायला बसली की भस्म्या झाल्यासारखी जेवते. इंजिनावरचा अल्टरनेटर हा बिचारा वाढपी. शिशाचं पोट भरत आलं की ते 'पुरे, पुरे' म्हणतं, वाढप्याला दम मिळतो. लिथियम 'अजून वाढ' म्हणत राहते आणि वाढपी तापून आडवा होतो. बरं, तिच्या आत रखवालदार सर्किट असतं. त्याला काही खटकलं की ती भरल्या ताटावरून ताडकन उठते, आणि वाढप्याच्या हातातली उकळती कढी त्याच्याच अंगावर! अल्टरनेटरचे डायोड जळतात ते असे. म्हणून दोघांच्या मध्ये एक चार्जर बसवायचा, हात राखून वाढणारा.

दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या तर पॉझिटिव्ह एकीवरून घ्यायचा आणि निगेटिव्ह दुसरीवरून. हेही पंगतच. वाढायला आणि उष्टी काढायला एकाच टोकाने शिरलात तर पहिल्या पानाची चंगळ आणि शेवटचं पान उपाशी. मला विद्युतशास्त्र बी.एस्सी.ला समजलं नव्हतं, ते काकांमुळे समजलं. तोटा एवढाच, की आता लग्नात जेवायला बसलो की मला व्होल्टेज ड्रॉप दिसतो.

खरेदी ही या माणसांची तीर्थयात्रा. वायरसाठी लोहार चाळ, मीटरसाठी लॅमिंग्टन रोड, नटबोल्टांसाठी नागदेवी. लोहार चाळीत काकांनी कल्हईची वायर मागितली, म्हणजे तांब्याच्या प्रत्येक तारेवर कथलाचा मुलामा असलेली. साधं तांबं खाऱ्या हवेत आतल्या आत हिरवं पडत जातं आणि वरून काहीच कळत नाही. दुकानदार म्हणाला, "काका, घरात बसवायची ना? साधी न्या." काका म्हणाले, "समुद्रात बसवायची आहे." दुकानदाराने माझ्याकडे पाहून, यांच्याबरोबर घरचं कोणी आहे ना, याची खात्री करून घेतली.

घरी आलेला हा माल श्रीखंडाच्या डब्यांत राहतो. प्रत्येक डब्यावर काकांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: 'लग, ८ मि.मी. भोक', 'फ्यूज, चांगले', 'फ्यूज, संशयित'. संशयित फ्यूज कशाला ठेवायचा हे विचारण्याची सोय नाही. एकदा सणाला खरंच श्रीखंड आणलं होतं, तेव्हा तो डबा उघडायला कोणी धजेना. खंडेनवमीला पाटावर कुंकू लावून मांडलेलं असतं ते मल्टिमीटर आणि क्रिम्पिंगचं हत्यार. डाख दिलेला जोड काकांना अशुभ वाटतो. होडी सतत हादरते, डाखेने ताठ झालेली तार नेमकी तिथेच मोडते. वायरच्या टोकाला लग दाबून बसवायचा, वर आतून गोंद असलेली नळी तापवून आवळायची आणि मग दोन्ही हातांनी ओढून बघायचं. हे ओढणं इतक्या ताकदीने चालतं की एकदा काका हातात वायर घेऊन केबिनमधून थेट पायऱ्यांवर बसते झाले. जोड टिकला. ते दुखऱ्या कमरेने आठवडाभर तेच सांगत होते.

नियम पुष्कळ. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरीपासून वितीच्या आत फ्यूज. तळाचं पाणी उपसणारा पंप मुख्य स्विचवर नाही, थेट बॅटरीवर. 'आपण घरी झोपलेले असताना होडी बुडू नये एवढी तरी तिला मुभा हवी.' आणि बॅटरीजवळ जाताना अंगावर धातू नको. दोन टोकांना पाना आडवा पडला तर तो लालबुंद होतो. अंगठी असेल तर बोटासकट. त्यामुळे होडीवर आलेल्या प्रत्येकाला काका दारातच गंभीरपणे सांगतात, "दागिने काढून माझ्याकडे द्या." काकूंच्या एक मैत्रीण, रस्त्यात तोतया पोलिसांनी बांगड्या उतरवून घेतल्याच्या बातम्या नेमाने वाचणाऱ्या, त्या पावलीच डिंगीत परत उतरल्या.

काम संपण्याचा मुहूर्त नारळी पौर्णिमेचा होता. मग दसरा झाला. मग दिवाळी. विचारलं की उत्तर एकच: "झालंय रे. एक वायर राहिलीय." दिवाळीत कळलं की जवळजवळ शंभर किलो वजन उतरल्यामुळे होडी एका बाजूला कलते आहे. काकांनी दुसऱ्या, हलक्या झालेल्या बाजूला हत्यारांची पेटी ठेवली. ती कमी पडली म्हणून दुसरी पेटी विकत घेतली. तिच्यात ठेवायला हत्यारंही घ्यावी लागली, हे ओघानेच आलं.

मी एकदा चिडून म्हटलं, "काका, दिलीप दोंदे २००९ साली एकटे निघाले आणि नऊ महिन्यांत म्हादेई ही शिडाची होडी जगाभोवती फिरवून परत आणली. आपण मांडव्याला तरी जाऊ." काका दुखावले नाहीत. उलट डोळे चमकले. "त्या नऊ महिन्यांत तिची वीज कोण बघत होतं? एकटाच! दिवाडी बेटावर बांधलेली होडी, काम बघ कसलं केलंय." पृथ्वीप्रदक्षिणा त्यांच्या लेखी वायरिंगची एक लांबलचक चाचणी होती.

जानेवारीत एकदाचे गेलो. वारा बेताचा, शीड भरलेलं, डावीकडे लांबवर उरणची टेकडी. संध्याकाळी मांडव्यासमोर नांगर टाकला. सूर्य पाण्याला टेकत होता, पाणी तांबूस झालं होतं. मी वर, काका खाली मीटरसमोर. "ये, ये, बघ!" त्यांनी अशा आवाजात हाक मारली की मला वाटलं डॉल्फिन दिसला. मीटरवर १.४ अँपिअर होतं. नांगरदिवा, केबिनचा दिवा आणि पंखा मिळून. "कागदावर मी किती काढलं होतं? १.४!" त्यांच्या चेहऱ्यावर तो उजेड पडला होता, आणि खरं सांगतो, मला सूर्यास्त चुकल्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

जेवणं झाली. काकूंनी आपल्या बिछान्यापाशी हाताने चाचपलं आणि विचारलं, "अहो, मोबाईल लावायला इथे एक सॉकेट करणार होतात ना? पहिल्याच दिवशी एवढं एकच तर मागितलं होतं मी."

काका गप्प. पंखा फिरत होता. काकूंनी पर्समधून पॉवर बँक काढली, मोबाईल जोडला. "राहू दे. आणलीय मी," म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.

मध्यरात्री मला जाग आली. डोक्याला टॉर्च बांधून, हातातली अंगठी काढून काका गुडघ्यांवर बसले होते. शेजारी श्रीखंडाचा डबा उघडा. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, काकूंकडे खूण केली आणि क्रिम्पिंगचं हत्यार, आवाज होऊ नये म्हणून, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं.